कपिलाला दोनदा भरवलं, यमुनेला तीनदा: बडोद्याजवळच्या दोन गीर डोनर गायींची केस

एकाच गोठ्यातल्या दोन गीर डोनर गायी, म्हणजे ज्यांचे भ्रूण काढून दुसऱ्या गायींत ठेवायचे त्या, वळू एकच, कांड्या (गोठवलेल्या सिमेनचे डोस) एकाच बॅचच्या, भरवणारा म्हणजे कृत्रिम रेतन (एआय) करणारा माणूस एकच, आणि माजानंतर सातव्या दिवशी फ्लशिंग केलं, म्हणजे गर्भाशय धुऊन भ्रूण बाहेर काढले, तर यमुनेच्या ९ मधून ७ भ्रूण वापरण्यासारखे निघाले आणि कपिलाच्या ११ मधून फक्त २. बाकी ६ अफलित बीजांडं, म्हणजे लॅबमध्ये आपण ज्याला यूएफओ म्हणतो ती, आणि ३ मेलेले किंवा वाढ अर्धवट थांबलेले. गोठ्यावर सगळ्यांनी लगेच निष्कर्ष काढला की यमुनेला तीन वेळा भरवलं होतं आणि कपिलाला दोनच वेळा, म्हणजे यापुढे सगळ्या डोनरना तीनदा भरवायचं. हा निष्कर्ष ऐकायला इतका सरळ वाटतो की तो पटतोच, आणि तो चुकीचा आहे. का चुकीचा आहे ते नीट मांडावं म्हणून ही केस पूर्ण लिहितोय, कारण सुपरओव्ह्युलेशन (इंजेक्शनं देऊन एकाच माजात अनेक बीजांडं सोडायला लावणं) करणाऱ्या बऱ्याच गोठ्यांवर सध्या "किती वेळा भरवायचं" याच्यावरच वाद चालतात आणि "कुठल्या तासापासून मोजायचं" हे कोणी विचारतच नाही.

गोठा पादऱ्याच्या पुढे आहे. मालक, म्हणजे काका, मूळ बडोद्याचे, दांडिया बाजारात घर, नोकरीतून रिटायर झाल्यावर काकांनी जमिनीवर गीर गायी आणल्या, आता मुलगा बघतो आणि वहिनी रजिस्टर सांभाळतात. हे रजिस्टर पुढे फार महत्त्वाचं ठरलं म्हणून आधीच सांगून ठेवतो. वहिनी सकाळ-संध्याकाळचं दूध प्रत्येक गायीच्या नावापुढे लिहितात, अर्धा लिटर इकडचं तिकडे झालं तरी लिहितात. गोठ्यात कॅमेरे आहेत, ते खरं तर रात्री चोरी होऊ नये म्हणून लावलेले. गुरं सांभाळायला एक रबारी कुटुंब गोठ्यावरच राहतं.

पहिल्या वेळी मला फक्त फ्लशिंगसाठी आणि भ्रूण बघण्यासाठी बोलावलं होतं. इंजेक्शनं आणि भरवणं गोठ्यावर नेहमी येणाऱ्या एआयवाल्याने केलं, त्याच्याकडे छापील वेळापत्रक होतं आणि त्याने ते अगदी प्रामाणिकपणे पाळलं. त्याचा हात चांगला आहे, हे मी मुद्दाम लिहितोय.

वेळापत्रक असं होतं. आधीच्या माजाचा दिवस शून्य धरून दहाव्या दिवशी एफएसएच, म्हणजे अंडाशयातले फॉलिकल (बीजांडाच्या पिशव्या) वाढवणारं हार्मोन, सुरू, सकाळ-संध्याकाळ, चार दिवस, डोस हळूहळू कमी करत, एकूण आठ इंजेक्शनं. सकाळ-संध्याकाळ का, तर एफएसएच गायीच्या रक्तात फार वेळ टिकत नाही, त्याचा निम्मा भाग पाच-एक तासांतच निघून जातो. याउलट पीएमएसजी म्हणजे ईसीजी हे याच कामाचं दुसरं हार्मोन एकदाच दिलं तरी कित्येक दिवस काम करत राहतं आणि त्यातूनच मग उशिरापर्यंत नवे फॉलिकल वाढत राहणं, न फुटलेले मोठे फॉलिकल शिल्लक राहणं असले त्रास होतात. डोस गीरसाठी कमी ठेवला होता, ते बरोबरच. होल्स्टीनला फॉलट्रोपिन (एफएसएचचं औषध) साधारण ४०० मिलीग्रॅम देतात, आपल्या देशी गायींची अंडाशयं एफएसएचला जास्त जोरात प्रतिसाद देतात, त्यांना निम्म्याच्या आसपास पुरतं. एफएसएचच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला माज आणणारं प्रोस्टाग्लँडिन. त्यातल्या पहिल्या इंजेक्शनानंतर ३६ ते ४८ तासांत माज अपेक्षित, म्हणजे चौथ्या दिवसाच्या संध्याकाळपासून पाचव्या दिवसाच्या सकाळपर्यंत. कागदावर मात्र "पाचवा दिवस: माज" एवढंच लिहिलेलं होतं आणि सगळे पाचव्या दिवसाच्या सकाळची वाट बघत होते.

पाचव्या दिवशी सकाळी ७ वाजता दोन्ही गायी माजावर दिसल्या. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना नियम सगळ्यांना पाठ आहे, तो अमेरिकेत नेब्रास्काच्या ट्रिम्बर्गर यांच्या १९४० च्या दशकातल्या कामातून आलाय आणि एका वेळी एकच बीजांड सोडणाऱ्या साध्या गायीसाठी तो आजही चांगला चालतो. त्याप्रमाणे दोघींना संध्याकाळी ७ ला एक आणि सहाव्या दिवशी सकाळी ७ ला दुसरी कांडी भरली. कपिला तोपर्यंत थंड झाली होती. यमुना अजून बळस (माजातला चिकट स्राव) टाकत होती, अस्वस्थ होती, म्हणून तिला त्या दिवशी संध्याकाळी ७ ला तिसरी भरली. फरक काय तो एवढाच दिसत होता.

आता फ्लशिंगचा दिवस. आधी सोनोग्राफी केली, कपिलाच्या दोन्ही अंडाशयांवर मिळून १३ सीएल (बीजांड सुटल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या गाठी) मोजले आणि यमुनेवर १०. न फुटलेले मोठे फॉलिकल दोघींतही फारसे नव्हते. मग शेपटीच्या मुळाशी लिग्नोकेनचं एपिड्युरल, फोले कॅथेटर, एकेका शिंगातून फ्लशिंगचं मीडियम आत-बाहेर आणि बारीक जाळीच्या फिल्टरमधून गाळणं, ते सगळं नेहमीसारखं. १३ सीएल आणि ११ बीजांडं-भ्रूण मिळून बाहेर, हे प्रमाण चांगलं आहे. हा आकडा आधी बघायचा असतो. कारण सीएल १३ असते आणि बाहेर ४ च आलं असतं तर दोष धुण्यात असू शकतो किंवा बीजांडं बीजवाहक नळीपर्यंत पोचलीच नसतील, आणि मग भरवण्याच्या वेळेवर चर्चा करायचं कारणच उरत नाही. इथे कपिलाने बीजांडं भरपूर सोडली, ती नळीत पोचली, खाली गर्भाशयात उतरली आणि आपल्या हातात आली. म्हणजे एफएसएचने काम केलं, प्रोस्टाग्लँडिननेही केलं, ओव्ह्युलेशन झालं. जे झालं नाही ते फक्त फलन, आणि जिथे झालं तिथेही बऱ्याच भ्रूणांची तब्येत चांगली नव्हती.

इथे एक सावधगिरी सांगतो. सातव्या दिवसाचं यूएफओ आणि घट्ट मोरुला (पेशींचा गोळा झालेला भ्रूण) हे कमी मोठं करून बघितलं तर नवख्या माणसाला सारखेच गोल दिसतात, आणि जुनं अफलित बीजांड तुकडे-तुकडे होऊन फलित असल्यासारखं भासतं. म्हणून प्रत्येक गोळा हळूच फिरवून बघायचा, आतला भाग एकसंध गुळगुळीत आहे की पेशी-पेशींचा ते बघायचं. कपिलाची ती सहा बीजांडं मी स्लाइडवर घेऊन जास्त मोठं करून पाहिली आणि बाहेरच्या पारदर्शक आवरणात, झोनात, अडकलेले शुक्राणू शोधले. फलन करणारा शुक्राणू एकच असतो पण त्याच्या मागून आलेले काही त्या आवरणात अडकून राहतात, आणि ते किती आहेत यावरून त्या बीजांडापाशी शुक्राणूंची गर्दी किती होती याचा अंदाज येतो. कपिलाच्या यूएफओंच्या आवरणात काहीच नव्हतं. म्हणजे शुक्राणू आले आणि आत शिरू शकले नाहीत असं नाही, ते योग्य वेळी तिथे नव्हतेच.

हे कळल्यावर पहिला संशय अर्थात सिमेनवर. काका म्हणाले, "डॉक्टर, कांड्याच मेलेल्या असणार, कंटेनरमधला नायट्रोजन कमी झाला असेल." रास्त शंका आहे. कांडी गॉब्लेटमधून (कंटेनरमधल्या कांड्यांच्या पेल्यातून) वर काढून कंटेनरच्या गळ्यापाशी धरून कोणी नंबर वाचत बसलं तर काही सेकंदांतच नुकसान सुरू होतं, असं कितीतरी गोठ्यांवर होतं. पण त्याच बॅचने, त्याच कंटेनरमधून, त्याच संध्याकाळी काढलेल्या कांडीने यमुनेला ७ उत्तम भ्रूण दिले. तिथे कांड्या निर्दोष ठरल्या, एआयवाल्याचा हातही निर्दोष ठरला. हवामानही नाही, डिसेंबर होता, गारवा होता, मे महिन्यात हीच केस असती तर उन्हाचा विचार आधी केला असता कारण पहिल्या दोन-तीन दिवसांचा भ्रूण उष्णतेला फार नाजूक असतो. फ्लशिंगचं पाणी स्वच्छ होतं, पू नाही, कण नाहीत, म्हणजे गर्भाशयात इन्फेक्शनची चिन्हं नव्हती.

मग उरली वेळ. पण वेळ तर दोघींची एकच होती ना? घड्याळातली एकच होती, बरोबर.

वहिनींना म्हटलं, त्या चार-पाच दिवसांचं दुधाचं रजिस्टर दाखवा. कपिलाचं चौथ्या दिवशी संध्याकाळचं दूध रोजच्यापेक्षा जवळजवळ निम्मं होतं. यमुनेचं चौथ्या दिवशी दोन्ही वेळा नेहमीसारखं आणि पाचव्या दिवशी सकाळी कमी. रबारी काकींना विचारलं तर त्या गुजरातीत पटकन म्हणाल्या की हो, त्या संध्याकाळी कपिलाने पान्हा चोरला होता, वासरू लावलं तरी सोडत नव्हती, आणि हंबरत होती, पण तुमच्या कागदावर माज दुसऱ्या दिवशी होता म्हणून आम्ही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर पूर्ण केसमधली सगळ्यात मोलाची माहिती ही आहे आणि ती त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती, कोणी विचारली नव्हती एवढंच.

त्यानंतर दादांनी, म्हणजे काकांच्या मुलाने, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं, नशिबाने पुसलं गेलं नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी कपिला दुसऱ्या गायीला पहिल्यांदा अंगावर घेऊन स्थिर उभी राहिलेली दिसते. यमुना पहिल्यांदा उभी राहते ती पाचव्या दिवशी पहाटे ४:५० ला. सकाळी ७ ला दोघी "माजावर" दिसल्या पण एकीचा माज १३ तास जुना होता आणि दुसरीचा २ तास.

आता हिशेब करा. कपिलाला पहिली कांडी माज सुरू झाल्यापासून २५ व्या तासाला गेली आणि दुसरी ३७ व्या तासाला. यमुनेला पहिली १४ व्या, दुसरी २६ व्या आणि ती चर्चेतली तिसरी ३८ व्या तासाला.

हे आकडे समोर ठेवून शरीरात काय चालतं ते बघू, कारण सगळा खुलासा तिथेच आहे. माज सुरू होण्याच्या आसपास एलएच या हार्मोनची लाट येते, तिच्यामुळे फॉलिकल फुटतात. साध्या गायीत एकच बीजांड, माज सुरू झाल्यापासून साधारण २८ ते ३० तासांनी सुटतं. सुपरओव्ह्युलेशन केलेल्या गायीत दहा-पंधरा फॉलिकल असतात, काही मोठे, काही मागे राहिलेले, आणि ते एकदम फुटत नाहीत, एलएचच्या लाटेनंतर साधारण २४ तासांपासून सुरू होऊन पुढचे बारा तास, कधी त्याहून जास्त, एकामागून एक फुटत राहतात. सुटलेलं बीजांड फलनासाठी खरं ताजं राहतं ते सहा ते दहा तास, नंतर ते म्हातारं होतं, मग एकतर फलन होत नाही किंवा झालेला भ्रूण दुबळा निघतो. दुसऱ्या बाजूला, गर्भाशयात सोडलेला शुक्राणू लगेच कामाचा नसतो, नळीत पुरेशा संख्येने पोचायला आणि फलनासाठी तयार व्हायला त्याला सहा-आठ तास तरी लागतात, आणि गोठवलेल्या सिमेनचा असेल तर आत तो चोवीस तासांच्या आसपास टिकतो. त्यात सुपरओव्ह्युलेशनच्या गायीत इस्ट्रोजेन प्रचंड वाढलेलं असतं, गर्भाशयाचं आकुंचन बदलतं आणि शुक्राणूंचा वरचा प्रवास साध्या गायीपेक्षा मंद आणि कमी होतो. म्हणजे इथे बीजांडं जास्त, पसरट वेळेत सुटणारी, आणि शुक्राणू मात्र कमी पोचणारे.

कपिलाची पहिली कांडी आत गेली तेव्हा तिची बीजांडं सुटायला लागली होती. शुक्राणू नळीत कामाला तयार होईपर्यंत तीस तास उलटून गेले, तोवर सुरुवातीची बीजांडं शिळी. उशिरा सुटलेल्या दोन-तीनच बीजांडांना वेळेवर शुक्राणू भेटले असणार. सहा यूएफओ, तीन दुबळे, दोन चांगले, हे चित्र त्याच्याशी जुळतं. यमुनेची १४ व्या तासाची कांडी बीजांडं सुटायच्या आधी तयार होऊन बसली होती आणि २६ व्या तासाच्या कांडीने उशिरा सुटणाऱ्या बीजांडांना सांभाळलं. ३८ व्या तासाची तिसरी कांडी? तोपर्यंत जी काही बीजांडं सुटायची ती बहुतेक सुटून गेलेली, आणि हे शुक्राणू तयार होईपर्यंत चव्वेचाळीस-पंचेचाळीस तास. तिच्याने यमुनेचा एकही भ्रूण वाढला असेल असं मला वाटत नाही. कांडी वाया गेली आणि माज ओसरत असलेल्या गर्भाशयात विनाकारण एकदा भरवायची गन गेली, हे वेगळं. माज उतरला की गर्भाशयाची जंतूंना तोंड द्यायची ताकद उतरत जाते आणि डोनरच्या बाबतीत तर आठवड्याभरात तिथूनच भ्रूण काढायचे असतात.

एक आक्षेप मला एका सहकाऱ्याने घेतला आणि तो चांगला आहे. व्हर्जिनिया टेकच्या साकी यांच्या गटाने माज सुरू झाल्यापासून ०, १२ आणि २४ तासांनी भरवून बघितलं तेव्हा फलनाचं प्रमाण २४ तासांनाच सगळ्यात जास्त होतं, ८० टक्क्यांच्या वर, आणि शून्य तासाला दोन-तृतीयांशच्या आसपास. मग कपिलाला २५ व्या तासाला भरवलं तर बिघडलं काय? दोन उत्तरं आहेत. एक, ते काम एकच बीजांड सोडणाऱ्या गायींवरचं, तिथे बीजांड सुटायला अजून काही तास शिल्लक असतात आणि शुक्राणूंचा प्रवास बिघडलेला नसतो. दोन, त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग लोक सोडून देतात: फलन उशिरा भरवल्यावर वाढलं खरं, पण भ्रूणांची प्रत नेमकी उलटी गेली, लवकर भरवलेल्यांचे भ्रूण सगळ्यात चांगले आणि २४ तासवाल्यांचे सगळ्यात खराब. लवकर भरवलं तर शुक्राणू थकतात म्हणून फलन कमी, उशिरा भरवलं तर बीजांड थकतं म्हणून भ्रूण कमजोर. बाराव्या तासाच्या आजूबाजूला दोन्हींचा मेळ बसतो. आणि डोनर गायीत बीजांडं पसरट वेळेत सुटत असल्यामुळे १२ आणि २४ अशी जोडी जगभर रूढ झाली, ती त्यातूनच. इथे भरवण्याची संख्या म्हणजे ओव्ह्युलेशनच्या पूर्ण पट्ट्यावर जिवंत शुक्राणू हजर ठेवायचं साधन आहे, पट्ट्याच्या बाहेर पडलेली कांडी तिसरी असो की पाचवी, ती मोजायची नाही.

तीनदा भरवण्याला मी सरसकट विरोध करत नाही. माज नक्की कधी सुरू झाला तेच माहीत नसेल, पीएमएसजी वापरलं असेल आणि ओव्ह्युलेशन लांबणार असेल, किंवा वळू फार मोलाचा पण सिमेन मध्यम असेल तर तिसरी कांडी समजण्यासारखी आहे. एका वेळी दोन कांड्या भराव्यात का हेही विचारतात. आपल्याकडे मानकाप्रमाणे गोठवताना एका कांडीत २ कोटी शुक्राणू असतात आणि वितळवल्यावर निम्मे तरी हलते असावे लागतात, म्हणजे चांगल्या कांडीत एक कोटीच्या आसपास. सिमेन चांगलं असेल तर मी एका वेळी एकच भरतो, शंका असेल तर पहिल्या वेळी दोन. आणि भरताना गर्भाशयमुखाच्या लगेच पुढे, गर्भाशयाच्या शरीरात सोडायचं, खोल शिंगात जायचं नाही, आणि "किती फॉलिकल आलेत बघू" म्हणून अंडाशयं चाचपायची तर अजिबातच नाहीत. ती वेळ अशी असते की अंडाशय द्राक्षाच्या घडासारखं टचटचीत भरलेलं असतं, हाताने दाबलं तर फॉलिकल भलतीकडेच फुटतं.

आता दुसरा प्रोग्राम. मध्ये दोन महिन्यांहून जास्त विश्रांती दिली, संक्रांत झाली, उत्तरायणाच्या पतंगांनंतर गाय नॉर्मल माजावर आलेली बघितली आणि फेब्रुवारीच्या शेवटी कपिलाला पुन्हा घेतलं. या वेळी वेळापत्रक मी केलं आणि ठरवलं की माज दिसण्यावर अवलंबून राहायचं नाही. गीरचा माज मुळात छोटा, दहा-बारा तासांचा, बऱ्याचदा रात्री, आणि आवाज न करणारा. अशा गायीत "दिसला तेव्हा सुरू झाला" हे गृहीत धरणं हाच मूळ घोटाळा आहे. म्हणून आधी योनीत प्रोजेस्टेरॉनचं साधन ठेवलं, एफएसएच तेवढंच आणि तसंच, तिसऱ्या दिवशी सकाळी ६ ला प्रोस्टाग्लँडिन, पण साधन मात्र लगेच काढलं नाही, छत्तीस तास तसंच राहू दिलं आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी ६ ला काढलं. असं केल्याने मधल्या काळात प्रोजेस्टेरॉन एलएचची लाट अडवून धरतं आणि मागे राहिलेल्या फॉलिकलना मोठं व्हायला वेळ मिळतो. ब्राझीलमध्ये नेलोरसारख्या झेबू (वशिंडाच्या) डोनरवर ही पद्धत भरपूर वापरली गेलीय. मग बारा तासांनी, पाचव्या दिवशी सकाळी ६ ला जीएनआरएच दिलं, म्हणजे एलएचची लाट आपण ठरवलेल्या वेळी आली. आता ओव्ह्युलेशन कधी सुरू होणार हे अंधारात नाही, सहाव्या दिवशी सकाळी ६ पासून पुढे. भरवलं जीएनआरएचनंतर १२ आणि २४ तासांनी, पाचव्या दिवशी संध्याकाळी ६ आणि सहाव्या दिवशी सकाळी ६. दोनच कांड्या. बॅच तीच, भरवणारा माणूसही मुद्दाम तोच ठेवला, म्हणजे बदल फक्त वेळेत राहील. कांडी ३७ अंश पाण्यात ३० सेकंद, पुसून कोरडी करून लगेच गनमध्ये, एवढं त्याला सांगायचीही गरज नव्हती.

काकांना हे पटलेलं नव्हतं. "एवढी महागाची गाय, तिसरी कांडी भरली तर बिघडतं काय?" असं ते संध्याकाळी पुन्हा म्हणाले. त्यांना म्हटलं, काका, तिसरी भरली आणि भ्रूण चांगले आले तर तुम्ही जन्मभर तिसरीलाच श्रेय द्याल आणि वेळेकडे कोणी बघणार नाही. वहिनींनी माझी बाजू घेतली.

माजानंतर सातव्या दिवशी सोनोग्राफीत १२ सीएल, फ्लशिंगमध्ये १० बाहेर. ७ वापरण्यासारखे, त्यातले ५ पहिल्या प्रतीचे, २ यूएफओ, १ मेलेला. एकूण संख्या उलट एकाने कमी आली, आणि नेमकं हेच बघण्यासारखं आहे. एकाच गायीचे दोन फ्लशिंग कधीच सारखे येत नाहीत, आज १२ तर पुढच्या वेळी ४ हे डोनरच्या धंद्यात रोजचं आहे, त्यामुळे "७ आले, पद्धत यशस्वी" असं मी फक्त संख्येवरून म्हटलं नसतं. पण आधी ११ पैकी ६ अफलित होती, आता १० पैकी २, आणि मेलेले ३ वरून १ वर आले. फलनाचं प्रमाण आणि भ्रूणाची प्रत या दोन गोष्टी भरवण्याच्या वेळेशी थेट जोडलेल्या असतात, त्याच सुधारल्या. जीएनआरएचने ओव्ह्युलेशनचा पट्टा आवळला गेला त्याचाही वाटा यात धरायला हवा, एक गाय म्हणजे प्रयोग नव्हे, पण गोठ्यावर उद्या काय करायचं हे ठरवायला एवढं पुरेसं आहे.

रेसिपिएंटचा, म्हणजे ज्यांच्यात भ्रूण ठेवायचे त्या गायींचा, विषय छोटा वाटतो पण पैशाचा खड्डा तिथेच पडतो. पहिल्या वेळी कपिलासाठी तयार केलेल्या बऱ्याच कालवडी रिकाम्या राहिल्या, त्यांची इंजेक्शनं, खुराक, सगळं फुकट, कारण सात दिवसांचा भ्रूण माजानंतर सात दिवसांवरच असलेल्या, फार तर एक दिवस मागे-पुढे असलेल्या गायीतच ठेवता येतो, उद्या बघू म्हणता येत नाही. दुसऱ्या वेळी सातही ताजे भ्रूण त्याच दिवशी ठेवले आणि पुढे सोनोग्राफीत ४ गाभण निघाल्या. बाकीच्या उलटल्या.

दादांचा प्रश्न होता की पुढच्या वेळी सेक्स सॉर्टेड सिमेन वापरलं तर सगळ्या कालवडीच मिळतील ना. मी डोनरसाठी नको म्हणालो. त्या कांडीत शुक्राणू वीस-चाळीस लाखच असतात, सॉर्टिंगमधून गेलेले असल्यामुळे ते आत कमी तास टिकतात, आणि सुपरओव्ह्युलेशनच्या गायीत आधीच शुक्राणू कमी पोचतात हे आपण बघितलंच. यूएफओ वाढतात. घ्यायचंच असेल तर पहिली कांडी थोडी उशिरा, ओव्ह्युलेशनच्या जवळ सरकवायची आणि कांड्या वाढवायच्या, पण मग कालवडीच्या टक्केवारीत मिळवलेलं भ्रूणांच्या संख्येत घालवलं असं होऊ शकतं. त्या कांड्या गोठ्यातल्या निरोगी कालवडींना नैसर्गिक माजावर वापरा, तिथे त्या चांगल्या चालतात.

गोठ्यावर आता प्रोस्टाग्लँडिन दिल्यापासून तीस तासांनंतर डोनरवर कोणीतरी नजर ठेवतं, जीएनआरएच वापरलं तरीही, कारण एखादी गाय त्याच्याही आधी लाट आणून मोकळी होऊ शकते आणि ते कळलं तर भरवण्याची वेळ अलीकडे ओढता येते. वहिनींनी रजिस्टरमध्ये दुधाच्या शेजारी "पान्हा", "बळस" आणि "उभी राहिली, वेळ" असे रकाने आखलेत आणि ते भरायचं काम रबारी काकींच्या मुलीकडे दिलंय, ती सहावीत आहे, अक्षर चांगलं आहे.

यमुनेचा पुढचा प्रोग्राम पावसाळा उलटल्यावर, दिवाळीच्या सुमाराला ठरलाय. तिलाही या वेळी दोनच कांड्या, १२ आणि २४ तासांना, आणि काकांनी त्याला आता हो म्हटलंय.